गप्प बसलेले मूल शिकत असते का?

दहावीच्या निकालाच्या दिवशी कोकणाचे नाव सगळ्यात वर असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ राज्यात सातत्याने पहिले येते. २०२३ मध्ये राज्याचा निकाल ९३.८३ टक्के लागला, कोकणाचा ९८.११. २०२४ मध्ये राज्य ९५.८१, कोकण ९९.०१. २०२५ मध्ये राज्य ९४.१०, कोकण ९८.८२. रत्नागिरीतल्या राजापूर तालुक्यातही सह्याद्रीच्या पायथ्याच्या पाचल-रायपाटणपासून खाडीकाठच्या जैतापूरपर्यंत त्या आठवड्यात अभिनंदनाचे फलक लागतात.

या यशामागे शिक्षकांची मेहनत आहे आणि पावसाळ्यात साकव ओलांडून, चढण चढून शाळा गाठणाऱ्या मुलांचीही आहे. ती कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. पण उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के गुण पुरतात. तेवढे गुण मिळणे आणि विषय समजणे यांत बरेच अंतर असू शकते. अकरावीला विज्ञान घेतलेल्या, डिप्लोमाला गेलेल्या किंवा मुंबईत नोकरीची परीक्षा देणाऱ्या मुलाला ते अंतर जाणवते. मागे वळून विचारले, की शाळेत एकच उत्तर तयार असते: वर्गात लक्ष नव्हते. घरातले उत्तरही तयार असते: मोबाइलने वाटोळे केले.

दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. वर्गातल्या दुर्लक्षाने शिकण्याचे नुकसान किती होते, ते दुर्लक्ष येते कुठून, आणि राजापूरसारख्या तालुक्यात त्यावर काय करता येईल, याबद्दल गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे कळले आहे त्याचा हा आढावा. त्यातून निघणारा निष्कर्ष आधीच सांगतो. दुर्लक्ष हे बहुतेक वेळा कुठल्या तरी दुसऱ्या अडचणीचे लक्षण असते. ती अडचण न शोधता मुलाला दटावले तर दुर्लक्ष तसेच राहते, फक्त ते दिसेनासे होते. कोकणातल्या शिस्तीच्या वर्गांत नेमके हेच होते. इथली मुले गोंधळ घालत नाहीत. ती गप्प बसतात, आणि गप्प बसलेले मूल शिकतच असेल असे आपण धरून चालतो.

लक्ष मोजायचे कसे?

१९६३ साली जॉन कॅरॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने शाळेतल्या शिकण्याचे एक साधे सूत्र मांडले. एखादी गोष्ट शिकायला मुलाला जेवढा वेळ लागतो, त्यातला किती वेळ ते प्रत्यक्षात त्या गोष्टीवर घालवते, यावर शिकणे ठरते. मग सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या प्राथमिक वर्गांत निरीक्षकांनी बसून नोंदी घेतल्या आणि वेळेचे तीन थर वेगळे केले. वेळापत्रकात विषयाला दिलेला वेळ, त्यातला मुलाचे लक्ष असलेला वेळ, आणि त्यातलाही मुलाला काम जमत असलेला वेळ. शिकण्याशी सगळ्यात घट्ट नाते या शेवटच्या थराचे निघाले.

या विषयातला हा पायाभूत धडा आहे. नुसते लक्ष असून भागत नाही, हाताशी असलेले काम मुलाला जमतही असावे लागते. फळ्यावरचे अपूर्णांक वहीत सुबक अक्षरात उतरवून घेणारी मुलगी निरीक्षकाच्या तक्त्यात 'लक्ष आहे' अशीच नोंदली जाईल. पण छेद समान का करायचा हे तिला कळलेले नसेल, तर तो तास तिच्या खात्यात जमा होत नाही.

आपल्याकडचा हिशोबही याच पद्धतीने मांडून पाहावा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास ठरवले आहेत. हा झाला पहिला थर. अतिवृष्टीची सुट्टी, अर्जुना-कोदवली नद्यांना पूर आल्यावर बंद पडणारे रस्ते, गणपती-शिमग्याच्या सुट्ट्यांना लागून मुंबईला जाऊन आलेली मुले आणि शिक्षकांची शाळाबाह्य कामे यांत त्यातले काही तास जातात. जे उरतात त्यांतल्या किती तासांत मूल खरोखर शिकले, हे मात्र हजेरीपटात कुठेच उमटत नाही.

नुकसान किती होते?

लक्ष आणि गुण यांचे नाते आहे, याबद्दल संशोधकांत वाद नाही. वाद आहे तो नात्याच्या ताकदीबद्दल आणि दिशेबद्दल.

२००७ मध्ये ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या सहा दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून एक प्रश्न विचारला: शाळेत येताना मुलाकडे काय असले, तर ते पुढे चांगले शिकते? पहिला क्रमांक लागला सुरुवातीच्या अंकज्ञानाचा, मग वाचनपूर्व तयारीचा आणि तिसरा लक्ष देण्याच्या क्षमतेचा. लक्षाचा परिणाम मध्यम असला तरी टिकाऊ होता. दंगेखोरपणाचा किंवा रडवेपणाचा पुढच्या गुणांशी फारसा संबंध आढळला नाही.

कॅनडातल्या क्विबेक प्रांतातला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्यासाठी अधिक बोलका आहे. सुमारे दोन हजार मुलांची सहा ते बारा वर्षे या वयात शिक्षकांनी आणि आयांनी नोंद केली आणि ती बावीस-तेवीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. ज्यांचे लक्ष सतत उडत असे, त्यांच्यापैकी २९ टक्केच शालान्त प्रमाणपत्रापर्यंत पोचली. ज्यांना ही अडचण नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ८९ टक्के होते. संशोधकांनी चुळबुळ, धावपळ, अतिचंचलता यांचा परिणाम वेगळा काढून पाहिला, तेव्हा शिक्षण तुटण्याशी खरे नाते निघाले ते दुर्लक्षाचे. चंचलतेचा वाटा किरकोळ होता.

वर्गात शिक्षकाला त्रास होतो तो चुळबुळ्या मुलाचा. बोलावणे जाते ते त्याच्या पालकांना, बाक बदलला जातो तो त्याचा. खिडकीजवळ शांत बसून मनाने दुसरीकडे असलेल्या मुलाचा कुणालाच त्रास होत नाही. नुकसान मात्र त्याचे जास्त होत असते. राजापूरच्या शाळांना या अभ्यासातून काही एकच घ्यायचे असेल, तर ते हे आहे.

लक्ष नाही म्हणून समजत नाही, की समजत नाही म्हणून लक्ष नाही?

पालक आणि शिक्षक पहिला अर्थ धरतात. पुरावा मात्र दुसऱ्याच्या बाजूनेही भक्कम आहे, आणि भारतात तर तो फारच भक्कम आहे.

दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असल्याचे दिसले. म्हणजे वर्गात सहावीचे पुस्तक उघडलेले असते आणि मुलाला झेपते ते तिसरी-चौथीचे गणित. या मुलांना संगणकाच्या मदतीने त्यांच्या खऱ्या पातळीवरचा सराव दिला, तेव्हा साडेचार महिन्यांत त्यांची प्रगती उरलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त झाली. वर्गात बधिर बसणारी मुले जमणारे काम समोर आल्यावर त्यात रमली.

ग्रामीण मुलांचे शिक्षण तपासणाऱ्या 'असर'ची २०२३ ची पाहणी १४ ते १८ या वयातल्या ग्रामीण मुलामुलींवर होती. त्यांच्यातल्या सुमारे २५ टक्क्यांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्यांनाही जमले नाही. हे आकडे देशाचे आहेत आणि कोकणाची स्थिती त्याहून बरी असेल. तरीही नववीच्या वर्गात चार-पाच मुले वाचताना अडखळतात, हे इथलाही शिक्षक नाकारणार नाही. इतिहासाच्या तासाला अशा मुलाकडून लक्षाची अपेक्षा करणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला खाडीत उतरवून 'हात नीट मार' म्हणण्यासारखे आहे.

यावरचा उपाय महाराष्ट्रातच तपासला गेला आहे. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने महापालिका शाळांतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी त्याच वस्तीतल्या तरुणींना 'बालसखी' म्हणून नेमले. रोज काही तास त्या या मुलांना वेगळे बसवून वाचन आणि अंकगणित पक्के करून घेत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा इथे या कामाची काटेकोर चाचणी केली. २००७ मध्ये निघालेल्या त्या निष्कर्षांत सगळ्यात जास्त फायदा तळाच्या मुलांचा झालेला दिसला. ही मुले आळशी आहेत, त्यांचे लक्षच नसते, असे तोवर त्यांच्याबद्दल बोलले जात असे. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ चे नोबेल मिळाले.

माध्यमाचा प्रश्न याच सूत्रात बसतो. घरात बोलीभाषा, शाळेत प्रमाण मराठी, आणि सेमी इंग्रजी घेतले की गणित-विज्ञान इंग्रजीत. वाक्यातले दोन शब्द अडले की मुलाचा धागा तुटतो. तो पुन्हा पकडेपर्यंत बाई पुढच्या मुद्द्यावर गेलेल्या असतात. असे तासाला दहा वेळा झाले, की मूल धागा पकडण्याचा प्रयत्नच सोडून देते. सेमी इंग्रजीची घाई करणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

डोळे, कान, पोट आणि झोप

लक्षाला शरीर लागते, ही गोष्ट शैक्षणिक चर्चेत सहज विसरली जाते.

फळा अंधूक दिसत असलेले मूल तसे सांगत नाही. सगळ्यांना असेच दिसते, असे त्याला वाटत असते. ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते आणि शिक्षक त्याला 'इकडेतिकडे बघू नको' म्हणतात. चीनच्या पश्चिम भागातल्या ग्रामीण शाळांत अडीचशे शाळांवर झालेल्या प्रयोगात गरज असलेल्या मुलांना मोफत चष्मे दिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार गणिताचे गुण स्पष्टपणे वाढले. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येऊन तपासणी करतात. अडचण तपासणीनंतर सुरू होते. चिठ्ठी दप्तरात राहते, वडील मुंबईत असतात, आजीला तालुक्याला जाणे जमत नाही, आणि चष्मा येतच नाही.

कानाचे कोकणात विशेष आहे. मुलांना बोलणे नीट कळायला शिक्षकाचा आवाज आसपासच्या गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने मोठा असावा, असा ध्वनिशास्त्राचा दंडक आहे. इथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे पहिल्या सत्रातच पडतो. जुन्या कौलांच्या जागी पत्रे आलेल्या वर्गात सरीचा जोर वाढला, की शिक्षकाला ओरडून शिकवावे लागते. मागच्या बाकापर्यंत शब्दांचे तुकडे पोचतात. त्यात सर्दीने कान भरलेला असला तर तेही पोचत नाहीत. वर्षाचा पाया ज्या महिन्यांत घातला जातो, त्याच महिन्यांत ऐकू कमी येते. छताखाली साधा आवाजरोधक थर बसवणे हे इथे शैक्षणिक काम मानायला हवे.

पोटाचे महत्त्व ओळखले गेले आहे. १९९५ पासून सुरू झालेली शालेय पोषण आहार योजना आज दुपारचे जेवण पुरवते. पण दुर्लक्षाचा पहिला झटका येतो तो सकाळी, न खाता निघालेल्या मुलाला. न्याहारीबद्दलचा जमैकातला १९९६ चा अभ्यास मार्मिक आहे. चार ग्रामीण शाळांत मुलांना न्याहारी दिली. ज्या एका शाळेत वर्ग नीट होते, तिथे मुलांचे लक्ष वाढले. उरलेल्या तीन शाळांत वर्ग कोंदट, गर्दीचे आणि साधनहीन होते. तिथे पोट भरलेल्या मुलांचे वागणे उलट बिघडले. मुलाला ताकद दिली आणि ती लावायला काम दिले नाही, तर ती भलतीकडे जाते.

झोपेचा मुद्दा कोकणाला भूगोलानेच लागू होतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावर ठरते आणि राजापूर साधारण ७३.५ अंशांवर आहे. त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या मानाने सुमारे ३६ मिनिटे मागे चालतो. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतभरच्या आकडेवारीवरून दाखवले, की सूर्यास्त जितका उशिरा, तितकी मुले उशिरा झोपतात. शाळेची वेळ मात्र सगळीकडे घड्याळावर चालते, त्यामुळे पश्चिमेकडच्या मुलांची झोप कमी होते आणि शिक्षणही मागे पडते. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो या दृष्टीने योग्यच होता. पाचवीपुढच्या मुलांचा प्रश्न उरतोच. पहाटेची एसटी पकडण्यासाठी साडेपाचला उठणारा आठवीतला मुलगा रात्री अकरापर्यंत जागा असेल, तर दुपारी तिसऱ्या तासाला त्याची मान लवणारच. त्याला उभे करून झोप भरून निघत नाही.

घर, मुंबई आणि मोबाइल

२००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे इथे ११२२ स्त्रिया होत्या. या दोन आकड्यांत राजापूरच्या घरांचे चित्र आहे: कर्ता पुरुष मुंबईत, घरी आई किंवा आजी-आजोबा आणि मुले. अशा घरात अभ्यासाला बसवणारे माणूस कमी असते. मुंबईशी बोलणे व्हावे म्हणून घेतलेला स्मार्टफोन मात्र असतो.

२०२४ च्या 'असर' पाहणीत १४ ते १६ वयातल्या ८२ टक्के ग्रामीण मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. २०२० च्या टाळेबंदीत शाळेनेच तो मुलांच्या हाती दिला. रेंज मिळावी म्हणून मुले सड्यावर जाऊन बसली. नंतर शाळा उघडल्या, पण फोन मुलाच्या हातातच राहिला.

शाळेत फोनला बंदी घातल्याने गुण वाढतात का? इंग्लंडमधल्या ९१ शाळांच्या अभ्यासात बंदीनंतर निकाल थोडा सुधारला. सुधारणा झाली ती मुख्यतः मागे पडलेल्या मुलांची, हुशार मुलांना फरक पडला नाही. स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला, तेव्हा परिणाम सापडला नाही. कॅनडातल्या २०१३ च्या एका प्रयोगात वर्गात लॅपटॉपवर दुसरेच काही करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आकलन घटले. ज्यांना शेजाऱ्याचा पडदा दिसत होता, त्यांचे त्याहूनही जास्त घटले. मुलाचे दुर्लक्ष त्याच्या एकट्यापुरते राहत नाही, हे त्यातून दिसते.

आपल्याकडे बहुतेक ग्रामीण शाळांत मुले फोन आणत नाहीत. इथला फोनचा फटका वर्गाबाहेरून, झोपेतून बसतो. म्हणून शाळेच्या बंदीपेक्षा घरातला रात्री नऊचा नियम इथे जास्त कामाचा आहे. मुंबईहून वडिलांचा व्हिडिओ कॉल येतो, त्यानंतर फोन मोठ्यांच्या खोलीत जावा. हे वडीलही तिथून सांगू शकतात, आणि मुले त्यांचे ऐकतात.

वर्ग, शिक्षक आणि चार इयत्ता

२०२३ च्या सुमारास राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा सुमारे १५ हजार होत्या आणि वस्ती विरळ असलेल्या कोकणात त्या वाडीवाडीत दिसतात. अशा शाळेत दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असतात. दोघांचे प्रत्येकी ८०० तास चार इयत्तांत वाटले, तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचे थेट ४०० तास येतात. त्यातला एक शिक्षक मतदारयाद्या, सर्वेक्षण, प्रशिक्षण किंवा ऑनलाइन माहिती भरण्यात अडकला, की हा वाटा आणखी निम्म्यावर येतो. उरलेल्या वेळात मुले 'स्वतः' अभ्यास करतात. त्या वेळेत हाती नेमके काम असेल तर बहुवर्ग शाळा उत्तम चालते, कारण मोठी मुले धाकट्यांना शिकवतात आणि दोघेही शिकतात. काम नसेल तर मुले पाढे लिहीत बसतात आणि दुर्लक्षाची सवय पहिलीपासून लागते. लहान शाळा बंद करून समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला. पण डोंगर-वहाळांच्या या तालुक्यात प्रवासाने थकलेल्या मुलाचे लक्ष वाढेल कसे, हा प्रश्न त्या योजनेला विचारायलाच हवा.

मुलांचे लक्ष दहा-पंधरा मिनिटेच टिकते, हे वाक्य प्रशिक्षणात हमखास ऐकू येते. मूळ संशोधन तपासणाऱ्यांना त्याला ठोस आधार सापडलेला नाही. २०१० मध्ये रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती कळ देऊन लक्ष उडाले की ती दाबायला सांगितले, तेव्हा वेगळेच दिसले. लक्ष सारखे, पण थोड्या वेळापुरते, बहुधा मिनिटभरच उडते. शिक्षकाने प्रश्न विचारला, प्रयोग दाखवला, की त्या वेळी आणि त्यानंतरही काही वेळ ते कमी उडते. म्हणून तासाचे तुकडे पाडण्यापेक्षा तासात मुलाला वारंवार काहीतरी करायला लावणे उपयोगी ठरते.

मराठी शिक्षणपरंपरेला हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे काम उभे केले, त्यात मुलाच्या हाताला काम आणि परिसरातल्या वस्तू हेच साधन होते. गुरे राखणारी मुले शाळेत टिकत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली आणि शाळाच मुलांकडे नेली. अलीकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. जमिनीवर आखलेले तक्ते, खडे, काड्या, गटात बसलेली मुले हे चित्र पाहायला राज्यभरचे शिक्षक तिथे गेले आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात त्याचे पडसाद उमटले. राजापुरातही अनेक शाळांच्या फरशा त्यानंतर रंगल्या.

इथे एक सावधगिरी लागते. अमेरिकेत २०१४ मध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात भिंती चित्रांनी गच्च भरलेल्या वर्गात बालवाडीच्या मुलांचे लक्ष जास्त उडाले आणि त्यांना ४२ टक्के उत्तरे बरोबर आली. साध्या भिंतींच्या वर्गात हेच प्रमाण ५५ टक्के होते. प्रयोगात मुले थोडी होती, म्हणून बोलक्या भिंती पुसून टाकायचे कारण नाही. पण फळ्याची भिंत मोकळी ठेवावी आणि बाकीच्या भिंतींवर चालू घटकाचेच असावे, एवढे तरी त्यातून घेता येते. पद्धतीचा प्राण मुलाच्या हातातल्या कामात आहे. फरशी रंगवली आणि शिकवणे घोकंपट्टीचेच राहिले, तर पदरात फक्त रंग पडतो.

खरोखरचा अवधानदोष

काही मुलांची अडचण वैद्यकीय असते. २००७ च्या एका जागतिक आढाव्यानुसार सुमारे पाच टक्के मुलांत अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता विकार आढळतो. म्हणजे ३५ च्या वर्गात एक-दोन मुले. त्यातला गप्प प्रकार मुलींमध्ये विशेषतः सुटून जातो, कारण शांत मुलगी गुणीच मानली जाते. अक्षरे उलटी लिहिणे, वाचताना ओळ गळणे, बेरीज-वजाबाकीची चिन्हे न ओळखणे ही अध्ययन अक्षमतेची लक्षणे असू शकतात. अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्राने १९९६ मध्येच केली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेला देशभर मान्यता दिली. सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी तज्ज्ञांची तपासणी लागते, आणि राजापूरच्या खेड्यातल्या पालकासाठी त्याचा अर्थ दिवसाची मजुरी बुडवून केलेल्या अनेक खेपा असा होतो. तज्ज्ञांच्या पथकाने तालुक्याला ठरावीक तारखेला येणे, ही मागणी पंचायत समितीने लावून धरण्यासारखी आहे.

आता करायचे काय?

इथे उल्लेखलेले बहुतेक अभ्यास परदेशातले किंवा मोठ्या शहरांतले आहेत. ते जसेच्या तसे राजापूरला लावता येणार नाहीत. पण त्यांचा रोख एकाच दिशेने आहे आणि त्यावरून काही कामे ठरवता येतात.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाचे वाचन आणि अंकगणित एकेकट्याला जवळ बसवून तपासावे. पायाभूत वाचन-गणिताच्या 'निपुण' कार्यक्रमाने त्याची साधने शाळेत पोचवली आहेत. मग रोज एक तास इयत्तेप्रमाणे नव्हे, तर पातळीप्रमाणे गट करून शिकवावे. गावातल्या बारावी-पदवी झालेल्या मुली बालसखीचे काम करू शकतील.

त्याच पंधरवड्यात डोळ्यांची आणि कानांची साधी तपासणी शाळेनेच करावी आणि बैठक त्यानुसार ठरवावी. उंचीप्रमाणे किंवा हुशारीप्रमाणे बाक देणे थांबवावे.

प्रश्न विचारला की हात वर करणाऱ्या चार मुलांनी उत्तर देण्याऐवजी सगळ्यांनी पाटीवर लिहून पाटी उंच धरावी. शिक्षकाला एका नजरेत कळते, कोण कुठे अडले आहे. पाटी प्रत्येक घरात परवडते. आणि प्रत्येक आठवड्यात प्रत्येक मुलाचा आवाज वर्गात एकदा तरी ऐकू यावा, याची नोंद ठेवावी. महिनाभर न बोललेले मूल हे चांगल्या वर्तनाचे उदाहरण न मानता चौकशीचा विषय मानावे.

एक विनंती मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना आहे. कोकणातल्या शाळा या मंडळांच्या जिव्हाळ्यावर उभ्या आहेत. वह्या, दप्तरे, संगणक, प्रोजेक्टर दरवर्षी गावी येतात. पुढच्या वर्षी देणगी पाठवण्याआधी मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा: किती मुलांना चष्मा लागतो आणि तो मिळालेला नाही, पावसात कुठल्या वर्गात ऐकू येत नाही, आणि वाचता न येणारी मुले किती आहेत. या तीन उत्तरांवर खर्च केलेला पैसा प्रोजेक्टरपेक्षा जास्त मुलांना शिकवील.

शिक्षकांना आणि पालकांना सांगायचे ते थोडके आहे. 'लक्ष दे' हे शब्द आपण मुलाला रोज ऐकवतो आणि त्याने काही बदलत नाही, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. त्याऐवजी 'कुठपर्यंत समजले?' असे विचारा. मूल ज्या जागी थांबले आहे तिथे त्याच्यासोबत बसा आणि तिथून पुढे शिकवा. समजू लागलेल्या मुलाला लक्ष दे म्हणून सांगावे लागत नाही.